हाताने केलेल्या क्विल्टिंगमधील गाठ: आत न जाणारी, आरपार निसटणारी आणि धुतल्यावर सुटणारी

वरचे कापड, मधली बॅटिंग (म्हणजे मऊ तंतूंचे भरण) आणि खालचे अस्तर असे तीन थर हाताने धावदोरा घालून एकत्र जोडताना प्रत्येक दोऱ्याला दोन गाठी माराव्या लागतात, एक सुरुवातीची आणि एक शेवटची. या दोन्ही गाठी कापडाच्या वर न दिसता मधल्या थरात लपलेल्या असाव्यात, अशी अपेक्षा असते. प्रत्यक्षात मात्र त्या कधी आत जायला तयार होत नाहीत, कधी आत जाऊन लगेच दुसरीकडून बाहेर येतात, तर कधी सगळे व्यवस्थित झाले असे वाटत असताना पहिल्या धुण्यानंतर दोऱ्याचे टोक वर येते आणि त्यापाठोपाठ टाके सैल पडू लागतात.

या तिन्ही तक्रारींवर बहुतेक जण एकच उपाय करतात: सुईभोवती आणखी एक वेढा घेऊन गाठ मोठी करतात. मीही अनेक महिने हेच करत असे. एका लहान क्विल्टवर तर चार-चार वेढ्यांच्या गाठी मारून त्या नखाने ढकलत आत घातल्या आणि धुतल्यानंतर त्यांतल्या कितीतरी गाठी गायब झालेल्या पाहिल्या. त्या वेळी लक्षात आले की गाठ बनताना, आत जाताना आणि आत राहताना अशा तीन वेगवेगळ्या टप्प्यांवर बिघडते, आणि प्रत्येक टप्प्याचे कारण वेगळे असते. वेढा वाढवणे हा त्यांपैकी फार थोड्या प्रसंगी खरा उपाय असतो. म्हणून गाठ मोठी करण्यापूर्वी ती नेमकी कोणत्या टप्प्यावर दगा देते, हे पाहावे.

गाठ टिकते कशामुळे

गाठ आत जाते तेव्हा ती कापड फाडत नाही. विणीतील उभे आणि आडवे धागे किंचित बाजूला सरकतात, गाठ त्यांच्यामधून जाते आणि धागे पुन्हा जवळ येतात. त्यानंतर तिला दोन गोष्टी धरून ठेवतात: पुन्हा मिटलेली वीण आणि बॅटिंगमधील तंतू. म्हणजे गाठीचा आकार विणीतील फटीपेक्षा थोडाच मोठा असायला हवा. फटीएवढाच किंवा त्याहून लहान असेल तर ती आत जशी सहज जाते तशीच सहज बाहेर येते. फारच मोठा असेल तर आत जाताना धागे कायमचे सरकतात, आणि ज्या भोकातून ती गेली ते भोक तिला पुन्हा बाहेर यायला मोकळे राहते. माझ्या चार वेढ्यांच्या गाठी याच कारणाने सुटल्या होत्या. त्या लहान नव्हत्या, उलट त्यांनी स्वतःची वाट स्वतःच रुंद करून ठेवली होती.

यावरून दोरा, सुई आणि कापड यांचा मेळ किती महत्त्वाचा आहे हे दिसते. हाताच्या क्विल्टिंगसाठी मिळणारा, वर चकाकीचा लेप असलेला सुती दोरा एकेरी वापरला आणि सुई आखूड क्विल्टिंगची, म्हणजे ‘बिटवीन’ प्रकारातील 9 किंवा 10 क्रमांकाची असली, तर साध्या सुती कापडावर दोन किंवा तीन वेढे पुरेसे होतात. या सुयांचा क्रमांक वाढतो तशी सुई बारीक आणि आखूड होते, हे ध्यानात ठेवावे. मशीनवर वापरायचा बारीक, ‘50 वेट’ जाडीचा दोरा घेतला तर तीन, क्वचित चार वेढे लागतात. मोठ्या टाक्यांसाठी 8 क्रमांकाचा पर्ल कॉटन, म्हणजे भरतकामाचा जाडसर पीळदार दोरा, घेतला, तर एका वेढ्याची गाठही पुरते आणि दोन वेढ्यांची गाठ घट्ट विणीच्या कापडात जाणारच नाही. दोरा दुहेरी घेऊन दोन्ही टोकांची मिळून एक गाठ मारण्याची सवय बटण लावताना चालते. क्विल्टिंगमध्ये ती गाठ जवळजवळ नेहमीच प्रमाणाबाहेर जाते.

गाठ बनतानाच बिघडते तेव्हा

सुरुवातीची गाठ मारण्याची पद्धत थोडक्यात अशी. दोरा ओवलेली सुई उजव्या हातात आडवी धरावी. दोऱ्याचे मोकळे टोक सुईवर ठेवून अंगठा आणि तर्जनी यांच्या चिमटीत सुईसह दाबावे. डाव्या हाताने त्याच टोकाजवळचा दोरा सुईच्या अणीकडील भागाभोवती दोन-तीनदा गुंडाळावा, वेढे हळूच मागे ओढून चिमटीखाली आणावेत, आणि चिमटी न सोडता अणीकडून सुई ओढून काढावी. सर्व दोरा चिमटीतून सरकून गेला की टोकाशी एक लहान, गोल, घट्ट गाठ उरते.

या कृतीत चूक बहुधा शेवटच्या क्षणी होते. दोरा शेवटपर्यंत सरकण्यापूर्वीच चिमटी सैल होते, आणि गाठीशेजारी एक छोटा फास लोंबकळतो किंवा गाठ टोकाऐवजी मध्येच कुठेतरी आवळली जाते. सुई पूर्ण बाहेर आली म्हणजे काम संपले असे वाटते, पण खरे काम त्यानंतरच्या पन्नास सेंटिमीटर दोऱ्याचे असते. गाठ बोटांना टोचेपर्यंत चिमटी सोडू नये, एवढा एकच नियम पाळला तरी निम्म्या वेड्यावाकड्या गाठी नाहीशा होतात.

वेढे एकमेकांवर चढले तर गाठ लांबट आणि ओबडधोबड होते. ते एकमेकांशेजारी, सुईला चिकटून पण न आवळता बसले पाहिजेत. फार आवळून गुंडाळले तर नेढ्याशी, जिथे दोरा दुहेरी असतो तिथे, सुई अडकते आणि जोर लावताच वेढे विस्कटतात. गुंडाळण्याची दिशाही थोडा फरक पाडते, कारण दोऱ्याला स्वतःचा पीळ असतो. एका दिशेने गुंडाळल्यास तो किंचित उकलतो आणि दुसऱ्या दिशेने आवळतो. आपल्या दोऱ्यावर दोन्ही दिशांनी एकेक गाठ मारून पाहावी आणि जी मिटलेली, गोल दिसेल ती दिशा कायम ठेवावी.

गाठीनंतर उरणारे टोक तीन ते पाच मिलिमीटर ठेवावे. यापेक्षा आखूड कापले तर लेप असलेला ताठर दोरा गाठीतून निसटतो. टोक सेंटिमीटरभर लांब असेल तर गाठ आत गेल्यावरही ते कापडाच्या वर राहते आणि नंतर ते कापण्याच्या नादात टाका कापला जाण्याचा धोका असतो.

शिवताना मधूनच नको तिथे गाठी पडत असतील तर तो दोष वेगळा आहे. शिवताना सुई बोटांत नकळत फिरते आणि प्रत्येक टाक्यागणिक दोऱ्याचा पीळ वाढतो किंवा कमी होतो. पीळ वाढला की दोरा स्वतःभोवती गुंडाळून फास करतो. दोरा पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटरपेक्षा लांब घेऊ नये, आणि अधूनमधून सुई सोडून दोरा लोंबकळू द्यावा म्हणजे जादा पीळ आपोआप उकलतो. लेप नसलेला दोरा मधमाशीच्या मेणावरून एकदा ओढून घेतला तर गुंता बराच कमी होतो. मेण जादा लागल्यास दोरा दोन कागदांच्या मध्ये धरून त्यावर गरम इस्त्री फिरवावी.

गाठ आत जात नाही तेव्हा

सुरुवातीचा टाका जिथे यायला हवा, तिथून दोन ते अडीच सेंटिमीटर अंतरावर सुई वरच्या कापडातून आत घालायची, बॅटिंगमधून पुढे सरकवायची आणि पहिल्या टाक्याच्या जागी वर काढायची, ही रीत बहुतेकांना ठाऊक असते. मग दोरा ओढत नेला की गाठ कापडावर येऊन थांबते आणि हलक्या हिसक्याने ‘टप्’ असा बारीक आवाज करून आत जाते. ती जात नसेल तर हिसका मोठा करण्याची इच्छा होते. त्याने एक तर दोरा तुटतो किंवा कापड चुरगळते.

प्रथम हिसक्याची दिशा पाहावी. दोरा सरळ वर, छताकडे ओढला तर बराचसा जोर पहिल्या टाक्याच्या जागचे कापड वर उचलण्यात जातो आणि गाठीपर्यंत थोडाच पोहोचतो. दोरा कापडाला जवळजवळ समांतर, सुई आत ज्या दिशेने गेली त्याच दिशेने ओढावा, आणि दुसऱ्या हाताच्या नखाने गाठीमागचे कापड दाबून धरावे. हे पुरेसे नसेल तर उलट युक्ती करावी: दोरा ताणून स्थिर ठेवावा आणि गाठीभोवतीचे कापड चिमटीत धरून गाठीवरून ओढून घ्यावे. घट्ट विणीच्या कापडावर मला ही दुसरी रीत अधिक भरवशाची वाटते, कारण तिच्यात जोर थेट गाठीवर पडतो आणि दोऱ्यावर ताण कमी येतो.

तरीही गाठ अडली, तर सुईच्या अणीने गाठीखालचे भोक किंचित रुंद करावे आणि गाठ आत गेल्यावर अणीनेच धागे दोन्ही दिशांनी विंचरून पुन्हा जवळ आणावेत. बाटिकसारखी दाट विणीची कापडे किंवा बारीक सुताच्या चादरीचे कापड या बाबतीत हट्टी असते. त्यावर पडलेले भोक बराच काळ दिसत राहते. अशा कापडावर आधी एक वेढा कमी करून पाहावे. इथे तक्रारीचे उत्तर नेमक्या नेहमीच्या उपायाच्या उलट आहे.

रिंगमध्ये, म्हणजे काम धरून ठेवणाऱ्या गोल चौकटीत, कापड ढोलासारखे ताणून बसवले असेल तर ते चिमटीत येतच नाही. हाताच्या क्विल्टिंगमध्ये सुई वरखाली डोलवून एकाच वेळी तीन-चार टाके उचलायचे असल्याने रिंगमधील कापडाला मुळातच थोडी ढील हवी असते. तीच ढील गाठ आत घालतानाही उपयोगी पडते.

गाठ आरपार निसटते तेव्हा

इथे गाठ आत जाते, पण हिसका थांबत नाही आणि ती पहिल्या टाक्याच्या भोकातून बाहेर येते. गाठ लहान असण्याची शक्यता खरीच आहे, पण त्याआधी तीन गोष्टी तपासाव्यात.

पहिली गोष्ट म्हणजे थांबवणारे बोट. गाठ आत गेल्याचा आवाज येताच पुढचा प्रवास अडवण्यासाठी, ओढण्यापूर्वीच अंगठा गाठ आणि पहिला टाका यांच्या मधोमध ठेवून तिन्ही थर दाबून धरावेत. दुसरी गोष्ट अंतर: गाठ केवळ सेंटिमीटरभर अंतरावरून आत घातली असेल तर तिला अडकायला बॅटिंगच पुरेशी मिळत नाही. तिसरी, आणि माझ्या मते सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे सुई कोणत्या थरातून गेली. वरचे कापड आणि बॅटिंग यांच्या फटीतून ती नुसतीच सरकली असेल, तर गाठ बॅटिंगच्या पृष्ठभागावर मोकळी पडून राहते. सुईने बॅटिंगमध्ये थोडे शिरून तंतू उचलले पाहिजेत, पण अस्तरापर्यंत जाता कामा नये. त्यासाठी डाव्या हाताचे बोट खालून अस्तराला लावून ठेवावे. अण जाणवली की सुई खोल गेली, हे लगेच कळते. खोल गेलेल्या सुईमुळे दोऱ्याचा ठिपका किंवा गाठच मागच्या बाजूला उमटते, आणि मागची बाजू पाहिली जाते ती बहुधा सारे काम संपल्यावर.

बॅटिंगचा प्रकारही पाहावा. सुती आणि लोकरी बॅटिंगचे तंतू गाठीला चांगले धरतात. जाड, फुगीर पॉलिएस्टर बॅटिंग विरळ आणि गुळगुळीत असते. तिच्यात गाठ मोकळी फिरू शकते. अशा बॅटिंगवर काम असेल तर मात्र एक वेढा वाढवणे योग्य आहे, आणि गाठ आत गेल्यावर पहिला टाका बॅकस्टिचचा, म्हणजे मागे वळून पुन्हा त्याच जागी घातलेला असावा. रेशीम, रेयॉन किंवा गुळगुळीत पॉलिएस्टरच्या दोऱ्यालाही हाच नियम लावावा, कारण त्यांच्या गाठी आपोआप उकलण्याकडे झुकतात.

निसटलेली गाठ त्याच भोकातून पुन्हा आत घालू नये. ते भोक आता सैल झालेले असते. सेंटिमीटरभर बाजूने नवी वाट घ्यावी.

शेवटची गाठ: अंतराचे गणित

सर्वाधिक तक्रारी शेवटच्या गाठीबद्दल असतात आणि त्यांचे कारण जवळजवळ नेहमी एकच असते: गाठ कापडापासून चुकीच्या अंतरावर आवळली गेलेली असते. सुरुवातीच्या गाठीमागे केवळ मोकळे टोक असते, त्यामुळे ती हवी तेवढी आत ओढता येते. शेवटच्या गाठीमागे मात्र पूर्ण शिवलेली ओळ असते. गाठ आणि शेवटचा टाका यांच्यामधला दोरा जेवढा, तेवढाच तिचा प्रवास. त्यापुढे ओढल्यास कापडाला चुण्या पडतात.

आता समजा, शेवटचा टाका घालून दोरा वर आला आहे आणि सुई त्याच भोकात परत घालायची आहे. गाठ अगदी कापडाला टेकून आवळली, तर तिला आत जायला दोराच शिल्लक नाही. कितीही ओढले तरी ती वरच राहील. गाठ पाच-सहा मिलिमीटर वर आवळली तर ती तेवढीच आत जाऊन बॅटिंगमध्ये बसेल. दुसरी रीत म्हणजे सुई एका टाक्याच्या अंतरावर पुढे आत घालणे, म्हणजे तो दोरा शेवटचा टाका म्हणूनच दिसतो. या रीतीत टाक्याची लांबी प्रवासातून वजा होते: टाका तीन मिलिमीटरचा असेल तर गाठ आठ-नऊ मिलिमीटर वर हवी, तरच ती आत पाच-सहा मिलिमीटर जाईल. ज्यांच्या गाठी ‘कधी जातात, कधी जात नाहीत’ ते बहुधा या दोन रीती अदलून बदलून वापरतात आणि अंतर मात्र एकच ठेवतात. मी हे गणित समजेपर्यंत दोषी दोराच आहे असे मानत होते आणि तीन वेगवेगळे दोरे बदलून पाहिले होते.

गाठ कापडापासून फार दूर, म्हणजे तीन सेंटिमीटरवर पडली तर ती आत जाते खरी, पण सुई जिथून बाहेर काढली तिथवर पोहोचून तिथेच डोके वर काढते. त्यामुळे सुई आत घातल्यापासून बाहेर काढेपर्यंतचे अंतर दोन-अडीच सेंटिमीटर ठेवावे आणि गाठीचा आतला प्रवास त्याच्या निम्म्याहून कमी असावा.

हवे तिथे गाठ आवळण्यासाठी सुईचाच आधार घ्यावा. फ्रेंच नॉटप्रमाणे सुईभोवती दोन वेढे घ्यावेत, सुई वेढ्यांतून ओढताना अंगठ्याच्या नखाने दोरा हव्या त्या जागी कापडावर दाबून ठेवावा, आणि वेढे नखाशी येऊन थांबू द्यावेत. गाठ पूर्ण आवळण्यापूर्वी चुकीच्या जागी आहे असे दिसले तर तिच्या फासात सुईची अण घालून ती सरकवता येते, आवळल्यावर नाही. हे सर्व करायला दोरा बारा ते पंधरा सेंटिमीटर उरलेला असताना थांबावे. शेवटच्या चार टाक्यांचा मोह आवरला नाही की आखूड दोऱ्यावर गाठ वाकडी पडते.

गाठ आत गेली की बाहेर आलेला दोरा किंचित ताणून कापडालगत कापावा. ताण सुटताच टोक आत ओढले जाते. कात्रीची टोके कापडाला समांतर धरावीत, म्हणजे वीण कापली जाणार नाही.

गाठ दिसू लागते तेव्हा

फिकट कापडाखाली गडद दोऱ्याची गाठ करड्या ठिपक्यासारखी दिसते, आणि बॅटिंग पातळ असेल तर हाताला खडेही लागतात. दोरा बदलणे शक्य नसेल तर सुरुवात आणि शेवट शेजारच्या गडद तुकड्यात न्यावा, किंवा जोडाजवळ शिलाईची मार्जिन ज्या बाजूला वळवली आहे तिच्याखाली गाठ सरकवावी. तिथे कापडाचे जादा थर असल्याने ती झाकली जाते. ती मार्जिन सहा मिलिमीटरच्या आसपास असते, म्हणून सुई जोडाला समांतर चालवावी.

लांब ओळीच्या मध्यापासून सुरुवात करायची असेल तर सुरुवातीची गाठ टाळताही येते. दुप्पट लांबीचा दोरा घेऊन गाठ न मारता अर्धा ओढून घ्यावा, एका दिशेने शिवत जावे, आणि उरलेला अर्धा नंतर ओवून दुसऱ्या दिशेने शिवावा. ज्यांच्या कापडावर गाठ आत घालणेच अशक्य होते, त्यांना ही रीत मी आवर्जून सुचवते.

धुतल्यानंतर सुटलेली गाठ

वर आलेले टोक ओढू किंवा कापू नये. ते तीन-चार सेंटिमीटर असेल तर आधी सुई रिकामीच कापडात अशी घालावी की नेढे टोकाच्या अगदी जवळ राहील, मग टोक ओवावे आणि सुई बॅटिंगमधून ओढून न्यावी. तिथे एक उलटा टाका आतल्या आत घेऊन टोक आत सोडावे. टोक याहून आखूड असेल तर तीन-चार टाके अणीने उसवून आठ-दहा सेंटिमीटर दोरा मोकळा करावा, वर सांगितलेल्या अंतरावर गाठ मारून आत घालावी, आणि उसवलेल्या जागी नव्या दोऱ्याने शिवताना दोन्ही बाजूंच्या जुन्या टाक्यांवर तीन-चार टाके चढवून घ्यावेत.

सुती बॅटिंग पहिल्या धुण्यात साधारण तीन ते पाच टक्के आकसते, आणि आधी न धुतलेले सुती कापडही आकसते. त्याने वीण दाट होते आणि चांगली बसलेली गाठ अधिक घट्ट धरली जाते, पण कापडालगत अर्धवट अडकलेली गाठ मात्र याच ओढाताणीत वर येते. म्हणून नवे काम हाती घेताना त्याच कापडाचा, त्याच बॅटिंगचा आणि त्याच अस्तराचा वीस सेंटिमीटरचा चौकोन करून त्यावर एक, दोन आणि तीन वेढ्यांच्या प्रत्येकी तीन गाठी घालाव्यात, बाजूला न पुसल्या जाणाऱ्या शाईने वेढ्यांचा आकडा लिहावा आणि तो चौकोन धुऊन वाळवून मगच वेढे ठरवावेत.